मधुमेहींच्या जखमा, वनौषधी आणि ज्ञानाचे अर्थशास्त्र

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह होता आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत होत्या. प्रौढांमधील प्रमाण शहरी भागात १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. राज्यांमध्ये गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के म्हणजे सर्वाधिक होते. ग्रामीण भागाचा आकडा लहान दिसत असला तरी तेथील लोकसंख्येचा आकार पाहता हा आजार सुखवस्तू शहरवासीयांपुरता मर्यादित असल्याचा समज टिकणारा नाही.

या आजाराच्या गुंतागुंतींपैकी मूत्रपिंड, डोळे व हृदय यांची चर्चा बरीच होते. पायाच्या जखमेची तुलनेने कमी होते. मधुमेह असलेल्या व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा पायावर व्रण होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असल्याचे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय साहित्यात मानले जाते. शेतात अनवाणी किंवा साध्या चपलेवर वावरणाऱ्या मजुराच्या बाबतीत ही जखम चिघळून पाय कापावा लागला, तर कुटुंबाची मिळकत त्याच दिवशी थांबते. अशा जखमांवर हळद, कडुनिंब, कोरफड यांसारख्या वनस्पती उपयोगी पडतील काय, हा प्रश्न म्हणून केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही. ते ज्ञान कोणाचे, ते सिद्ध करण्याचा खर्च कोणी करावयाचा आणि तो न झाल्यास नुकसान कोणाचे, हे अर्थशास्त्राचे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

जखम का भरत नाही?

निरोगी शरीरात जखम भरण्याची प्रक्रिया क्रमाने चालते. प्रथम रक्तस्राव थांबतो, नंतर दाह होऊन भक्षक पेशी जंतू व मृत ऊती साफ करतात, त्यानंतर नव्या ऊती व सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार होतात आणि अखेरीस त्वचा पूर्ववत होते. मधुमेहात हा क्रम दुसऱ्या पायरीवरच अडखळतो. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्याने भक्षक पेशी दाहाच्या अवस्थेतून दुरुस्तीच्या अवस्थेत वेळेवर जात नाहीत आणि जखम महिनोन्महिने तशीच राहते.

याला आणखी दोन कारणे जोडली जातात. मज्जातंतू बधिर झाल्याने काटा टोचल्याचे किंवा चप्पल घासल्याचे कळत नाही. वेदना हा खरे तर इशारा असतो, तोच मिळेनासा होतो. दुसरे, पायाकडील रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने प्राणवायू आणि औषध दोन्ही जखमेपर्यंत पुरेसे पोचत नाहीत. यामुळेच वरून लावलेला कोणताही लेप, मग तो वनस्पतिजन्य असो वा रासायनिक, एकट्याने काम करू शकत नाही. साखरेचे नियंत्रण, मृत ऊती काढून टाकणे, संसर्गावर उपचार, रक्तपुरवठ्याची तपासणी आणि जखमेवरील शरीराचा भार कमी करणे हे उपचाराचे मूळ घटक आहेत. वनौषधीचे स्थान, असलेच, तर ते यांच्या जोडीला आहे. वनौषधींची चर्चा करताना ही मर्यादा दृष्टिआड झाली की अनर्थ होतो. घरगुती लेपावर विसंबून घालवलेले तीन आठवडे पुढे पाय गमावण्यास कारणीभूत ठरू शकतात.

ग्रंथांतील नोंद

मधुमेही व्यक्तीची जखम कष्टाने बरी होते, हे निरीक्षण नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ज्यांचे व्रण मोठ्या प्रयासाने साध्य होतात अशा रुग्णांची नोंद असून तीत कुष्ठी, विषबाधा झालेले व क्षीण झालेले यांच्याबरोबर मधुमेहींचाही उल्लेख आहे. याच संहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायात व्रणावरील साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत लेप व तेले आहेत, तसेच शस्त्रकर्मेही आहेत. शोधन, म्हणजे जखम स्वच्छ करणे, आणि रोपण, म्हणजे ती भरून आणणे, हा भेद तेथे स्पष्ट आहे. प्राचीन चिकित्सापद्धती म्हणजे केवळ पाला वाटून लावणे होय, असे मानणाऱ्यांनी हा अध्याय पाहिलेला नसतो.

आजही व्रणावर वापरल्या जाणाऱ्या 'जात्यादि तैल' या शास्त्रोक्त औषधाचे उदाहरण घेता येईल. त्यात जाईची पाने, कडुनिंब, करंज, मंजिष्ठा, हळद, दारुहळद, कुटकी असे अनेक घटक असतात. त्यांच्या जोडीला तुत्थ म्हणजे मोरचूदही असतो. ज्या औषधाला सर्रास 'वनस्पतिजन्य' म्हटले जाते, त्यात तांब्याचा क्षार आहे, ही बाब प्रमाणीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

हळदीचे पेटंट

भारतात बौद्धिक संपदेची चर्चा ज्या प्रकरणामुळे सर्वसामान्यांपर्यंत पोचली, ते नेमके जखमेशीच संबंधित होते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास ५,४०१,५०४ क्रमांकाचे पेटंट दिले. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या पुडीचा वापर, हा त्याचा विषय होता. भारतातील कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असलेली गोष्ट नवा शोध म्हणून नोंदवली गेली होती.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) ऑक्टोबर १९९६ मध्ये या पेटंटच्या फेरपरीक्षणासाठी अर्ज केला. मूळचे गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर हे तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उतारे होते, तसेच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सर्व दावे फेटाळले आणि एप्रिल १९९८ मध्ये तसे प्रमाणपत्र देऊन प्रकरण संपविले. विकसनशील देशाने आपल्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकेचे पेटंट रद्द करवून घेतल्याचे हे बहुचर्चित पहिले उदाहरण होय. (परीक्षार्थी हे प्रकरण कडुनिंबाच्या प्रकरणाशी हमखास गल्लत करतात. कडुनिंबाचे पेटंट युरोपीय कार्यालयाचे होते, ते बुरशीनाशकाविषयी होते आणि २००० मध्ये रद्द होऊन त्यावरील अपील मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले.)

घरोघरी ज्ञात असलेल्या गोष्टीसाठी छापील पुरावे का शोधावे लागले, याचे उत्तर तत्कालीन अमेरिकी कायद्यात आहे. पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो. त्याआधी ते ज्ञान अस्तित्वात असल्यास त्यास 'पूर्वज्ञान' म्हणतात. अमेरिकेत त्या काळी देशांतर्गत प्रत्यक्ष वापर हा पूर्वज्ञान मानला जाई. परदेशातील गोष्ट मात्र तेथे पेटंट झालेली किंवा छापून प्रसिद्ध झालेली असेल तरच विचारात घेतली जाई. म्हणजे कोट्यवधी भारतीयांच्या नित्य वापरापेक्षा एका छापील लेखाचे वजन अधिक होते. हा भेद अमेरिकेने २०११ च्या कायद्याने दूर केला आणि तो बदल मार्च २०१३ पासून लागू झाला.

प्रत्येक पेटंटविरुद्ध असा लढा देणे परवडणारे नव्हते. शिवाय परदेशी परीक्षकास संस्कृत, अरबी वा तमिळ ग्रंथ वाचता येणे शक्य नव्हते. यातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सीएसआयआर व भारतीय चिकित्सापद्धतींचा विभाग यांनी हाती घेतले. 'टीकेडीएल' या नावाने ते ओळखले जाते. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी पद्धतींच्या ग्रंथांतील साडेचार लाखांहून अधिक पाठ त्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या भाषांत उपलब्ध आहेत. युरोपीय पेटंट कार्यालयास फेब्रुवारी २००९ मध्ये गोपनीयतेच्या करारान्वये त्याचा वापर खुला झाला व पुढे इतर कार्यालये त्यात आली. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पेटंट कार्यालयांव्यतिरिक्त इतरांनाही टप्प्याटप्प्याने प्रवेश देण्यास मान्यता दिली.

आधी ठाऊक असणे आणि गुणकारी असणे

हळदीच्या विजयानंतर एक गैरसमज मात्र दृढ झाला. पेटंट रद्द झाले म्हणजे हळदीने जखम बरी होते हे अमेरिकेने मान्य केले, असे अनेकदा लिहिले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. फेरपरीक्षणात ठरले ते एवढेच, की हा वापर पूर्वीपासून ज्ञात होता. तो किती गुणकारी आहे, कोणत्या जखमेवर व किती मात्रेत, हा प्रश्न त्या कार्यवाहीचा नव्हताच. मधुमेही जखमेचा तर त्यात स्वतंत्र विचारही नव्हता.

गुणकारितेचा पुरावा पाहू गेल्यास चित्र संमिश्र आहे. हळदीतील कुर्क्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत दाहशामक परिणाम दाखवते आणि मधुमेही उंदरांवरील प्रयोगही उत्साहवर्धक आहेत. परंतु हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अस्थिर असते आणि पोटातून घेतल्यास रक्तात फारच थोडे पोचते. २०१७ मध्ये अमेरिकी औषधरसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका विस्तृत आढाव्यात कुर्क्युमिनच्या १२० हून अधिक मानवी चाचण्यांची दखल घेऊन, प्लासिबोशी तुलना करणारी एकही दुहेरी अंध चाचणी यशस्वी झाली नसल्याचे म्हटले होते. कोरफडीच्या बाबतीत कोक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याने जखमांवरील उपयोगाबाबत दर्जेदार पुरावा अपुरा असल्याचा निष्कर्ष काढला.

पुरावा अपुरा असणे म्हणजे औषध निरुपयोगी असणे नव्हे. बहुतेक चाचण्या लहान, एका रुग्णालयापुरत्या व असमान पद्धतीच्या असल्याने उत्तरच मिळालेले नाही. जखमेवरील चाचणी अवघडही असते. रुग्णाचा पाठपुरावा बारा ते सोळा आठवडे करावा लागतो, दोन्ही गटांत साखरेचे नियंत्रण आणि पायावरील भार सारखा ठेवावा लागतो. हळदीच्या बाबतीत तर कोणास औषध दिले हे लपविणेच कठीण, कारण पट्टी उघडताच पिवळा रंग दिसतो.

चाचणीचा खर्च कोणाचा?

येथे अर्थशास्त्रातील सार्वजनिक वस्तूची संकल्पना उपयोगी पडते. जी वस्तू एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि जिच्या वापरापासून कोणास वगळता येत नाही, तिला सार्वजनिक वस्तू म्हणतात. 'हळदीचा अमुक मात्रेचा मलम मधुमेही जखमेवर चालतो' हे ज्ञान असेच आहे. एखाद्या कंपनीने कोट्यवधी रुपये खर्चून ते सिद्ध केले, तर दुसऱ्या दिवसापासून सर्व प्रतिस्पर्धी तोच मलम विकू लागतील. खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा. परिणामी, कोणीच खर्च करीत नाही. यास बाजाराचे अपयश म्हणतात.

नव्या रेणूच्या बाबतीत ही अडचण पेटंटने सुटते, कारण ठरावीक मुदतीची मक्तेदारी हे चाचणीच्या खर्चाचे बक्षीस असते. पारंपरिक ज्ञानाला ती वाट बंद आहे. भारतीय पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३(प), ज्याचा मूळ इंग्रजी मजकुरात 'पी' असा निर्देश आहे, पारंपरिक ज्ञानास किंवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणांच्या नुसत्या एकत्रीकरणास पेटंट नाकारते. हे कलम योग्यच आहे. त्याशिवाय हळदीसारखी प्रकरणे देशातच घडली असती. परंतु त्याचा अपरिहार्य परिणाम असा, की सामायिक ज्ञानाचे संरक्षण जितके भक्कम, तितके त्याच्या सिद्धतेत खाजगी भांडवल कमी. ही पोकळी शासकीय निधीनेच भरून निघू शकते. टीकेडीएल हा संरक्षणाचा अर्धा भाग होता, सिद्धतेचा दुसरा अर्धा भाग त्या प्रमाणात झालेला नाही.

तैवानमधील एक उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. तेथील एका जैवतंत्रज्ञान कंपनीने दोन वनस्पतींच्या अर्कांपासून मधुमेही पायाच्या व्रणासाठी मलम तयार केला. 'ओएन १०१' हे त्याचे संशोधनकाळातील नाव. या दोन वनस्पती म्हणजे पानओवा आणि मंडूकपर्णी. जाड, लवदार पानांचा आणि ओव्याच्या वासाचा पानओवा आपल्याकडे कुंडीत लावून त्याची भजी केली जातात. ओलसर जागी पसरणाऱ्या मंडूकपर्णीस अनेक ठिकाणी ब्राह्मीच म्हणतात. दाहाच्या अवस्थेत अडकलेल्या भक्षक पेशींना दुरुस्तीकडे वळविणे, हे या मलमाचे कार्य असल्याचे संशोधक सांगतात.

तैवान, चीन व अमेरिका येथील रुग्णालयांत २३६ रुग्णांवर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांत मलम लावलेल्या गटात ६०.७ टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली, तर शोषक ड्रेसिंग केलेल्या गटात ३५.१ टक्के रुग्णांची. त्याच वर्षी तैवानमध्ये त्यास मान्यताही मिळाली. चाचणी कंपनीच्याच खर्चाने झाली होती, कोणास काय दिले हे केवळ परीक्षकांपासून लपविलेले होते आणि हाडापर्यंत संसर्ग पोचलेल्या गंभीर जखमा तीत नव्हत्या, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचले पाहिजेत. तरीही वनस्पतीच्या अर्कावर बहुदेशीय चाचणी होऊ शकते, हे त्यातून दिसले. ज्या देशात या दोन्ही वनस्पती परसात उगवतात, तेथे ती झाली नाही.

कायद्यातील वाटा

भारतात वनस्पतीपासूनचे औषध बाजारात आणण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत सांगितलेले शास्त्रोक्त औषध त्याच पाठानुसार व त्याच उपयोगासाठी बनविल्यास परवान्यासाठी नव्या मानवी चाचणीची अट नाही. ग्रंथाचा आधार पुरेसा असतो. अशा घटकांपासून बनविलेल्या नव्या मिश्रणांना मात्र परिणामकारकतेचा काही पुरावा द्यावा लागतो.

तिसरी वाट नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने खुली झाली. ती 'फायटोफार्मास्युटिकल' औषधांची होय. वनस्पतीच्या अर्काचा शुद्ध व प्रमाणित अंश, ज्यातील किमान चार घटकांचे गुणात्मक व परिमाणात्मक मोजमाप झाले आहे, अशी त्याची व्याख्या आहे. अशा औषधास आधुनिक औषधाप्रमाणेच सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध करावी लागते आणि नंतर कोणताही आधुनिक वैद्यक ते लिहून देऊ शकतो. मधुमेही जखमेवरील वनौषधीसाठी हीच वाट सर्वांत आश्वासक दिसते, पण तीच सर्वांत खर्चिकही आहे. जाहिरातींबाबत मात्र कायदा जुना व निःसंदिग्ध आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश असून तो बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात हा गुन्हा ठरतो.

कच्च्या मालाचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. हळद शेतात पिकते. पण जात्यादि तैलातील कुटकी ही हिमालयातील उंच प्रदेशात मुख्यतः रानातून गोळा केली जाते आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाने नियंत्रित आहे. गोळा करणाऱ्या ग्रामस्थांना लाभाचा वाटा मिळावा, यासाठी २००२ चा जैवविविधता कायदा झाला. भारतीय कंपन्यांनाही हे लाभवाटप बंधनकारक असल्याचा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, ग्रंथनिविष्ट पारंपरिक ज्ञानाच्या वापरकर्त्यांना व आयुष वैद्यकांना सवलत दिली. उद्योगास यामुळे सुलभता आली हे खरे. परंतु ज्ञान ग्रंथात लिहिलेले असले तरी मुळी खणणारे हात आजचेच असतात, आणि त्यांचा वाटा त्या सवलतीत कमी झाला, ही टीकाही निराधार नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी पेटंट अर्जात जनुकीय साधनसंपत्तीचे व संबंधित पारंपरिक ज्ञानाचे मूळ उघड करणे बंधनकारक करणारा करार संमत केला. १५ देशांचे अनुसमर्थन ही तो अमलात येण्याची अट आहे.

दरम्यान रुग्णाचे काय?

२०१८ पासूनच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. त्यात दाखल होण्यापूर्वीचे ३ व नंतरचे १५ दिवस धरले जातात. मधुमेही जखमेचे ड्रेसिंग मात्र कित्येक महिने, बाह्यरुग्ण म्हणून चालते. म्हणजे पाय कापण्याची शस्त्रक्रिया विम्याच्या कक्षेत येते, पण तो वाचविण्यासाठीच्या रोजच्या पट्टीचा, औषधाचा आणि एसटीच्या भाड्याचा खर्च कुटुंबाच्या खिशातून होतो. ही भूमिका प्राथमिक आरोग्य यंत्रणेने, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरांनी पार पाडणे अपेक्षित आहे. पायाची बधिरता तपासण्यासाठी लागणारे साधन म्हणजे दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा. ती तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका काही मिनिटांत करू शकते.

बधिर पायाच्या संरक्षणाचा अनुभव तर भारताला कुष्ठरोगाच्या कामातून फार पूर्वी मिळालेला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांच्या पायावरील व्रण हा रोगजंतूंपेक्षा वेदनाहीन पायावर सतत पडणाऱ्या दाबामुळे होतो. त्यातून मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळव्याची चप्पल विकसित झाली, आणि भार विभागणाऱ्या प्लास्टरचे तंत्र ब्रँड यांच्यामार्फत पुढे अमेरिकेत मधुमेही रुग्णांसाठी वापरात आले. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून ही चप्पल रुग्णांना आजही विनामूल्य दिली जाते. तिचा तळवा मऊ आणि बाहेरचा थर काटा न शिरेल इतका टणक असतो.